एक तारण, अनेक रूपके

पौलाने रोममधल्या मंडळीला इ. स. 57 च्या सुमारास पत्र लिहिले. त्याच्या तिसऱ्या अध्यायात एक लांबलचक वाक्य येते. सुरुवातीला आपण न्यायालयात असतो आणि दोषी माणसाला निर्दोष ठरवले जात असते. तेच वाक्य पुढे गुलामांच्या बाजारात शिरते आणि किंमत मोजून झालेल्या सुटकेबद्दल बोलू लागते. ते संपायच्या आत यरुशलेमच्या मंदिरातले परमपवित्रस्थान आणि तिथे शिंपडलेले रक्त समोर उभे राहते. न्यायाधीश, खंडणी देणारा आणि याजक असे तिघे एकाच वाक्यात शेजारीशेजारी आले आहेत, आणि पौलाला त्यात काही वावगे वाटत नाही.

येशू कोण आहे, या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळीने 325 साली नायसिया येथे आणि 451 साली काल्सेदोन येथे धर्मसभा भरवून एकेक शब्द तोलूनमापून ठरवला. मात्र येशूच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने माणसाचे तारण नेमके कसे झाले, याची एकच एक व्याख्या प्राचीन सार्वत्रिक धर्मसभांपैकी एकीनेही केली नाही. ती जागा रूपकांनी भरली. बाजार, मंदिर, न्यायालय, घर, रणांगण, रुग्णशय्या अशा माणसाच्या ओळखीच्या जागांमधून ती आली.

ही रूपके म्हणजे भाषेवरचा साज नव्हे. प्रत्येक रूपक आधी माणसाच्या दुखण्याचे निदान करते आणि मग उपाय सांगते. गुलामाला सुटका हवी असते, कर्जबाजाऱ्याला माफी, अपराध्याला क्षमा, आजाऱ्याला आरोग्य, दुरावलेल्याला समेट. निदान बदलले की देवाचे रूपही बदलते: कधी तो धनी, कधी न्यायाधीश, कधी वैद्य, कधी बाप. त्यामुळे मंडळी कोणते रूपक पुढे आणते आणि कोणते मागे टाकते, यावर तिचे सगळे वागणे ठरते. ख्रिस्ती इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. ही रूपके एकत्र राहिली तेव्हा त्यांनी माणसांना उभे केले, आणि एखादे सुटे काढून त्याचा सर्वव्यापी सिद्धान्त बनवला तेव्हा त्याने माणसांचे नुकसानही केले.

मुळाशी मिसरातून सुटका

बायबलमध्ये तारणाची पहिली मोठी घटना आत्म्याच्या आत घडत नाही. ती मिसर देशात, विटांच्या भट्टीवर घडते. फारोच्या मुकादमांखाली वेठबिगारी करणाऱ्या लोकांचा आक्रोश देव ऐकतो आणि मोशेला पाठवतो. पुढच्या सगळ्या रूपकांचा पाया या निर्गमावर उभा आहे. वल्हांडणाचे कोकरू, समुद्रातली वाट, रानातली भाकर यांच्याच भाषेत शुभवर्तमाने येशूबद्दल बोलतात. येशूचे मरणही वल्हांडण सणाच्या दिवसांतच होते.

इथे तारण म्हणजे राजकीय, आर्थिक आणि धार्मिक सुटका, आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. गुलामांना हे लगेच उमगले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या भजनांत मोशे आणि फारो सतत येतात. स्वतः पळून सुटल्यावर पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमनला तिचे लोक मोशेच म्हणत. हे मालकांनाही उमगले होते. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी 1807 साली लंडनमध्ये एक निवडक बायबल छापले गेले. त्यात योसेफाची गोष्ट ठेवली, पण मिसरातून इस्राएलाची सुटका गाळून टाकली. गलतीकरांस पत्रातला दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही असे सांगणारा भागही त्यात नव्हता. रूपकात किती ताकद असते, हे ते गाळणाऱ्यांनीच दाखवून दिले.

या रूपकाची एक काळी बाजूही आहे. निर्गमाची गोष्ट समुद्रापाशी संपत नाही. ती कनान देशात जाते, आणि तिथे आधीच माणसे राहत असतात. अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजातले विचारवंत रॉबर्ट वॉरियर यांनी 1989 साली हाच प्रश्न विचारला: ही गोष्ट कनानी माणसाने कोणत्या बाजूने वाचायची? स्वतःला नवा इस्राएल समजणाऱ्या वसाहतवाल्यांनी ती कशी वाचली, हे वॉरियर यांच्या लोकांनी सोसले होते. सुटकेचे रूपकही जिंकणाऱ्याच्या हाती गेले की हत्यार होते, हा धडा इथे मिळतो.

किंमत मोजून सुटका

निर्गमाला जोडूनच सोडवणुकीचे रूपक येते. लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात एक कौटुंबिक कर्तव्य सांगितले आहे. गरिबीमुळे कुणाची जमीन गेली किंवा कुणाला स्वतःला विकून घ्यावे लागले, तर जवळच्या नातलगाने पैसे भरून ते सोडवायचे. रूथच्या पुस्तकात बवाज हेच करतो. गावाच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून तो व्यवहार बोलतो, दुसरा हक्कदार नातलग मागे सरतो आणि हक्क सोडल्याची खूण म्हणून पायातले पायतण काढून देतो. एका परक्या देशातल्या विधवेला घर मिळते, तिच्या सासूला वंश मिळतो. यशयाच्या पुस्तकात देव स्वतःला इस्राएलाचा असा सोडवणारा म्हणवतो. म्हणजे सोडवणारा हा व्यापारी नाही, तो रक्ताचा माणूस आहे.

नव्या करारात हेच रूपक ग्रीक-रोमन जगात शिरते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्याची गोष्ट करतो. पौल करिंथकरांना सांगतो की तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात. करिंथापासून आखात ओलांडून गेले की डेल्फीचे अपोलोचे देऊळ होते. त्या देवळाच्या परिसरातल्या भिंतींवर गुलाम मुक्त केल्याचे हजारावर लेख कोरलेले आहेत. अमुक मालकाने अमुक नावाचा गुलाम इतक्या चांदीला अपोलो देवाला विकला, अट ही की तो यापुढे स्वतंत्र असावा, असा त्यांचा साचा. बहुधा ती रक्कम गुलामानेच साठवलेली असे, आणि कित्येक लेखांत मालक मरेपर्यंत त्याच्याजवळ राहून चाकरी करण्याची पुरवणी अटही असे. जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी 1908 साली या लेखांकडे लक्ष वेधले आणि पौलाच्या शब्दांना त्यांची पार्श्वभूमी जोडली. पुढच्या अभ्यासकांनी त्यातले फरकही दाखवले. डेल्फीतला देव कागदोपत्री खरेदीदार होता, पौलाचा प्रभू खराखुरा धनी आहे. पौलाच्या गुलामाने मात्र स्वतःजवळचे काहीच भरलेले नाही.

खंडणी म्हटल्यावर ती कुणाला दिली, हा प्रश्न येतोच. तिसऱ्या-चौथ्या शतकात बऱ्याच धर्मगुरूंनी उत्तर दिले: सैतानाला. निस्साच्या ग्रेगरीने तर गळाचे चित्र रंगवले. येशूचे मानवी शरीर हे आमिष, आत दडलेले देवपण हा गळ, आणि सैतान फसला. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे अजिबात पटले नाही. दरोडेखोराला देवाने स्वतःच खंडणी म्हणून मिळावे, ही कल्पना त्याला लाजिरवाणी वाटली. आणि पित्याला दिली म्हणावे, तर आपल्याला कैदेत पित्याने ठेवलेच कुठे होते? तो प्रश्न मोकळाच सोडतो. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. रूपक एका मर्यादेपर्यंतच चालते, त्यापुढे त्याला ताणू नये, हे इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे मंडळीतल्याच एका मोठ्या माणसाने सांगून ठेवले आहे.

या रूपकाचा दुरुपयोगही नोंदवायला हवा. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने 1667 साली कायदा केला की बाप्तिस्मा झाल्याने गुलामाची गुलामी संपत नाही. आत्मा मुक्त, शरीर मालकाचे. ज्या रूपकाचा जन्मच खऱ्या गुलामाच्या खऱ्या सुटकेतून झाला, त्यातली खरी सुटका काढून घेऊन उरलेले गुलामांना ऐकवले गेले.

मंदिर आणि रक्त

आजच्या वाचकाला सर्वांत परके वाटणारे रूपक यज्ञार्पणाचे आहे, आणि त्याबद्दलच गैरसमज सर्वाधिक. म्हणून लेवीय पुस्तकाच्या 16 व्या अध्यायातला प्रायश्चित्ताचा दिवस जवळून पाहावा. मुख्य याजक स्नान करतो आणि आपली भरजरी वस्त्रे बाजूला ठेवून साधे तागाचे कपडे घालतो. आधी स्वतःच्या पापांसाठी तो गोऱ्हा अर्पण करतो. मग दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जातात. धुपाच्या दाट धुरातच तो पडद्याआड जातो. एका बकऱ्याचा वध होतो आणि त्याचे रक्त कराराच्या कोशावरच्या दयासनावर व समोर शिंपडले जाते. नंतर वेदीही त्या रक्ताने शुद्ध केली जाते. हे सगळे झाल्यावर तो जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो, लोकांची पापे बोलून दाखवतो, आणि एक माणूस त्या बकऱ्याला रानात सोडून येतो.

इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की ज्याच्यावर पापे ठेवली जातात तो बकरा मारला जात नाही, आणि जो मारला जातो त्याच्यावर कुणी पापे ठेवत नाही. रक्ताचे काम शिक्षा भोगणे हे नसून पवित्र जागा स्वच्छ करणे हे आहे. लेवीय पुस्तकावर मोठे भाष्य लिहिणारे ज्यू अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी 1991 साली हाच अर्थ सविस्तर मांडला. लोकांच्या अपराधांचा मळ मंदिरावर साचतो, आणि देवाला आपल्यात राहता यावे म्हणून तो धुवावा लागतो. यात आजच्या माणसालाही ओळखीचे काहीतरी आहे. आपल्या चुकीचा डाग आपल्यापुरता राहत नाही, तो घरावर, गावावर, पुढच्या पिढीवर पडतो. पश्चात्ताप झाला तरी तो डाग आपोआप जात नाही.

इब्री लोकांस पत्र हे रूपक एका टोकाला नेते. येशू तिथे याजकही आहे आणि अर्पणही. त्याने एकदाच आणि कायमचे अर्पण केले, म्हणून यापुढे रक्ताची गरज नाही. यज्ञाची भाषा वापरून हे पत्र यज्ञ संपवते. पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या त्याच रूपकावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. देवाचा क्रोध शांत होतो की माणसाचे पाप पुसले जाते? अभ्यासक सी. एच. डॉड यांनी 1931 साली दुसरी बाजू मांडली, लिऑन मॉरिस यांनी 1955 साली पहिली. माझ्या मते दोघांच्याही हाती सत्याचा एकेक धागा होता. अन्याय पाहून न चिडणारा देव गांजलेल्यांच्या उपयोगाचा नाही. पण पौलाच्या वाक्यात अर्पणाची व्यवस्था स्वतः देवच करतो. त्यामुळे चिडलेल्या देवाला माणूस लाच देऊन शांत करतो आहे, असे चित्र त्या वाक्यातून निघू शकत नाही.

कर्ज आणि न्यायालय

गालीलातले शेतकरी कर्जात बुडालेले होते. येशूच्या दाखल्यांत सावकार, ऋणको, कारभारी आणि तुरुंग यांची रेलचेल आहे ती उगाच नाही. मत्तयच्या 18 व्या अध्यायातला दाखला घ्या. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांतांचे कर्ज आहे. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले. वर्षाकाठी तीनशे दिवस राबले तरी ते फिटायला दोन लाख वर्षे लागतील. राजा ते एका शब्दात माफ करतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. दोन्ही कर्जांचे प्रमाण सहा लाखास एक असे आहे.

या दाखल्यात कर्ज कुणीच भरत नाही. राजा नुकसान सोसतो आणि विषय संपतो. लूकच्या 15 व्या अध्यायातला बापही उधळ्या मुलाकडून वा दुसऱ्या कुणाकडून भरपाई घेत नाही. इथे कर्जाचे रूपक आणि खंडणीचे रूपक सरळसरळ वेगळे बोलतात. कलस्सैकरांस पत्रात तिसरेच चित्र आहे. आपल्या विरुद्धचा हातचा लेख, म्हणजे कर्जरोखा, पुसून टाकून वधस्तंभाला खिळला गेला. सोळाव्या शतकात फाउस्तो सोसिनी याने बोचरा प्रश्न केला होता: कर्ज फेडले गेले असेल तर माफ केले असे कसे म्हणता, आणि माफ केले असेल तर फेडण्याची गरज काय? दोन्ही रूपके एकाच हिशेबाच्या वहीत मांडू पाहणाऱ्याला याचे उत्तर देणे अवघड आहे. ती वेगळी ठेवली तर अडचण उरत नाही. एक सांगते की माफी खरोखर फुकट आहे, दुसरे सांगते की माफ करणाऱ्याला तिची किंमत पडते.

न्यायालयाच्या रूपकाची कहाणी सर्वांत मोठी आहे. कँटरबरीच्या आन्सेल्मने 1098 साली देव माणूस का झाला यावर ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या काळात समाजाची घडी सरदार आणि त्याचा मान यांवर बसलेली होती. पाप म्हणजे देवाच्या मानाला धक्का, आणि त्याची भरपाई देव-मानव ख्रिस्तच करू शकतो, असे त्याने मांडले. आन्सेल्मच्या मांडणीत भरपाई हा शिक्षेला पर्याय होता. भरपाई झाली म्हणून शिक्षा टळली. पुढे धर्मसुधारक कॅल्विनने, ज्याचे शिक्षण ओर्लेआँ आणि बूर्ज येथे कायद्याचे झाले होते, फौजदारी न्यायालयाची भाषा पुढे आणली. ख्रिस्ताने आपल्या वाट्याची शिक्षा भोगली. ईशविद्येचा पंडित आबेलार बाराव्या शतकातच वेगळ्या वाटेने गेला होता. वधस्तंभावर प्रकट झालेले प्रेम माणसाच्या अंतःकरणात प्रेम पेटवते, यावर त्याचा भर होता.

धर्मसुधारक ल्यूथरला रोमकरांस पत्रात सापडलेली गोष्ट म्हणजे माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, कमाईने नाही. सदैव तपासल्या जाणाऱ्या, कधीच पुरेसा न ठरणाऱ्या माणसाला ही सुटका होती. त्यावरून पश्चिमेतली मंडळी दुभंगली, 1547 साली त्रेंतच्या कॅथलिक धर्मसभेने आपली बाजू मांडली आणि पुढची शतके भांडणात गेली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी या विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मूळ गाभ्यावर आता मतभेद नाहीत, असे त्यात म्हटले आहे. 2006 साली मेथडिस्ट आणि 2017 साली रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. दरम्यान 1977 साली अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी दाखवले की पौलाच्या काळचा ज्यू धर्म पुण्याची कमाई करणारा होता, हे चित्रच चुकीचे होते. पौलापुढचा रोकडा प्रश्न यहुदी आणि परराष्ट्रीय एका पंगतीला बसणार की नाही, हा होता. म्हणजे नीतिमान ठरवणे हे पंक्तिभेद मोडण्याचे रूपक आहे. ज्या देशात पाण्याचे घडे वेगळे आणि स्मशानेही वेगळी राहिली, तिथल्या मंडळीला हा अर्थ विसरणे परवडणारे नाही.

घर, समेट आणि नवे नाव

रोमकरांस पत्र लिहिले गेले तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, आणि तो गादीवर आला होता क्लौद्यने त्याला दत्तक घेतल्यामुळे. रोमन दत्तक म्हणजे अनाथ बाळाला मांडीवर घेणे नव्हे. बहुधा प्रौढ पुरुषाला वारस म्हणून घेतले जाई. त्याचे जुने नाते तुटे, त्याला नवे नाव आणि पूर्ण हक्क मिळत. पौल हीच प्रतिष्ठेची भाषा उचलतो आणि तळागाळातल्या माणसांना लावतो. गुलाम, स्त्रिया, परराष्ट्रीय अशा सगळ्यांना तो देवाचे वारस म्हणतो. ज्यांना वारसा म्हणून फक्त कष्ट मिळाले होते, त्यांना हे ऐकताना काय वाटले असेल याचा विचार करावा.

समेटाचे रूपक करिंथकरांस दुसऱ्या पत्रात येते आणि ते दुरावलेपणाचे निदान करते. विशेष हे की दुखावलेला पक्ष, म्हणजे देव, तोच पुढाकार घेतो. विसाव्या शतकात या रूपकाची कसोटी दक्षिण आफ्रिकेत लागली. तिथल्या ख्रिस्ती ईशविद्यावंतांनी काढलेल्या 1985 च्या कैरोस दस्तऐवजाने मंडळ्यांना खडसावले की वर्णभेद कायम ठेवून समेटाची भाषा बोलणे ही विश्वासाशी प्रतारणा आहे, न्यायाशिवाय समेट नाही. पुढे डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोगाच्या सुनावण्या 1996 साली सुरू झाल्या. आयोगाच्या नावात सत्य आधी येते. अपराध बोलून दाखवल्याशिवाय हे रूपक पुढे सरकत नाही, ही गोष्ट लाखोंनी पाहिली.

विजय आणि उपचार

इस्तंबूलमधल्या पूर्वीच्या खोरा चर्चमध्ये चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे एक भित्तिचित्र आहे. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त आदाम आणि हव्वेला दोन हातांनी मनगट धरून थडग्यांतून ओढून काढतो आहे. पायाखाली अधोलोकाची दारे मोडून पडलेली, कुलुपे, किल्ल्या, खिळे अंधारात विखुरलेले. आदाम-हव्वा स्वतःच्या बळावर वर येत नाहीत, हे मनगटाच्या पकडीतून चित्रकाराने दाखवले आहे. पूर्वेकडच्या मंडळ्यांत तारणाचे मुख्य चित्र हेच राहिले. मृत्यू हा शत्रू, ख्रिस्त हा विजेता. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसपासून ही परंपरा चालत आली, आणि स्वीडनच्या गुस्ताफ औलेन यांनी 1930 च्या सुमारास पश्चिमेला तिची पुन्हा आठवण करून दिली.

दुसरे चित्र फ्रान्समधल्या कोल्मार शहरात आहे. मथियास ग्र्युनेवाल्डने 1512 ते 1516 या काळात इझेनहाइमच्या मठासाठी ते रंगवले. तिथले अँटोनाइट मठवासी बुरशी लागलेल्या धान्यामुळे होणाऱ्या भयंकर व्याधीच्या रुग्णांची सेवा करत. या रोगात कातडी पेटते, बोटे झडतात. चित्रातल्या ख्रिस्ताच्या अंगावर काटे रुतलेले आहेत, फोड आहेत, कातडी हिरवट पडली आहे. रुग्णांना वेदीपाशी आणले जाई तेव्हा त्यांना त्या अंगात आपलेच अंग दिसे. तारणारा माझ्या आजारात उतरला आहे, हे तिथे शब्दांशिवाय सांगितले जाई.

शुभवर्तमानांत येशू शिकवण्याइतकाच वेळ आजाऱ्यांमध्ये घालवतो. मार्कच्या 5 व्या अध्यायातली बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली बाई वैद्यांवर सगळे पैसे खर्चून बसली आहे, शिवाय विटाळाच्या नियमांमुळे माणसांतून उठली आहे. तिचे बरे होणे, तिला मुली म्हणून हाक मारली जाणे आणि तिचे तारण या तीन गोष्टी एकाच क्षणी घडतात. लूकमध्ये जक्कय जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेले चौपट परत द्यायचे ठरवतो, तेव्हा येशू म्हणतो की या घराला आज तारण मिळाले. लूकच्या लेखी तारणाला तारीख आणि पत्ता असतो.

विसाव्या शतकातला झगडा आणि मराठी मुलूख

जागतिक चर्च परिषदेची बँकॉक येथील सभा 1972 च्या अखेरीस सुरू होऊन 1973 च्या जानेवारीत संपली. आजचे तारण हाच तिचा विषय होता. आर्थिक न्याय, माणसाची प्रतिष्ठा आणि हताशेविरुद्धची आशा यांत तारण काम करते, असे तिने मांडले. 1974 साली लोझान येथे जमलेल्या इव्हँजेलिकल मंडळींनी राजकीय मुक्ती म्हणजे तारण नव्हे असे बजावले, पण सामाजिक कृती हेही ख्रिस्ती कर्तव्य असल्याचे मान्य केले. त्याआधी 1971 साली पेरूच्या गुस्तावो गुतिएरेस यांचे मुक्तीच्या ईशविद्येवरचे पुस्तक आले होते. स्त्रीवादी अभ्यासकांनी आणखी एक बोचरा मुद्दा मांडला. निमूट सोसण्याला तारणाचा दर्जा दिला की मार खाणाऱ्या बायकोला चर्चमधून घरी परत पाठवणे सोपे जाते. डेलोरेस विल्यम्स यांनी 1993 साली अब्राहामाच्या घरच्या हागार या दासीची कथा पुढे ठेवून विचारले की दुसऱ्यांच्या जागी राबण्यातच ज्यांचे आयुष्य गेले, त्या कृष्णवर्णीय स्त्रियांना दुसऱ्याच्या जागी मरण्याचे रूपक कसा दिलासा देणार? या प्रश्नाला बगल देता येत नाही. शिक्षा भोगण्याचे रूपक नव्या करारात एकटे नाही, हे त्याचे खरे उत्तर आहे. सोसणे देवाला आवडते असे बाकीची रूपके सांगत नाहीत, सोसणाऱ्यांच्या बाजूला देव उभा राहिला असे सांगतात. आणि पुनरुत्थानाचे रूपक वधस्तंभावरचा अन्याय देवाने मान्य केला नाही, हे सांगते.

मराठीतही ही रूपके आपापल्या वाटेने रुजली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यातल्या राशोल येथे छापले गेले. आदामापासून पुनरुत्थानापर्यंतची कथा त्यांनी ओवीत सांगितली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणून गायिले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या संस्थेला मुक्ती हे नाव दिले. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. त्या मुलींसाठी मुक्ती म्हणजे आधी जेवण, अंगावर कपडा, अक्षरओळख आणि हाताला काम. त्याच अंगणात त्या प्रार्थनाही शिकल्या. रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत लिहिले आहे की 1883 च्या बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना ख्रिस्त स्वतः भेटला. आतली सुटका आणि बाहेरची सुटका यांची फारकत त्यांनी केली नाही.

नगर, जालना भागांत ख्रिस्ती झालेल्या गावकुसाबाहेरच्या माणसांनी तर हे अनुभवानेच ओळखले होते. त्याला ईशविद्येची भाषा दिली अरविंद निर्मळ यांनी. 1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी दिलेल्या भाषणापासून दलित ईशविद्येची सुरुवात मानली जाते. त्यांनी आधार घेतला तो बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायाचा, म्हणजे आमचे पूर्वज भटके होते, आम्हाला छळले गेले आणि देवाने आमचे दुःख पाहिले या कबुलीचा. अशा रीतीने मिसरातली विटांची भट्टी पुन्हा पायाशी आली.

रूपके कशी वापरावीत

या सगळ्या आढाव्यातून एक कार्यपद्धती निघते, आणि उपदेशक, शिक्षक, भजन लिहिणारे या सर्वांनी ती मनावर घ्यावी असे मला कळकळीने वाटते. पहिले, रूपक निवडण्याआधी समोरच्याचे दुखणे ओळखावे. अपराधाच्या ओझ्याखाली दबलेल्याला न्यायालयाचे रूपक मोकळे करते. तेच रूपक बलात्कार सोसलेल्या मुलीला ऐकवले तर ती स्वतःलाच आरोपी समजेल. तिला विजयाचे, उपचाराचे, नव्या नावाचे रूपक हवे. उलट जुलूम करणाऱ्याला उपचाराच्या मऊ भाषेत बोलण्याची गरज नाही, त्याला जक्कयाचा हिशेब दाखवावा. दुसरे, रूपक जिथे थांबते तिथे आपणही थांबावे. खंडणी कुणाला दिली, या प्रश्नाचे उत्तर नव्या करारात नाही, ते आपण रचू नये. तिसरे, रूपकाचा मूळ व्यवहार विसरू नये. गुलामाच्या सुटकेबद्दल गाणाऱ्या मंडळीला वीटभट्टीवरची वेठबिगारी दिसत नसेल, कर्जमाफीच्या दाखल्यावर प्रवचन देणाऱ्याला दाराशी आलेला सावकार दिसत नसेल, तर ती रूपके आपण खोटी ठरवली असे होईल.

आणि चौथे, कुठलेही एक रूपक देवाच्या स्वभावाला काळिमा लावू लागले, तर शेजारच्या रूपकाला हाक मारावी. न्यायाधीश निष्ठुर वाटू लागला की उधळ्या मुलाच्या बापाला बोलवावे, बाप फार मवाळ वाटू लागला की फारोसमोर उभा राहिलेला देव आठवावा. नव्या कराराच्या लेखकांनी हेच केले. त्यांच्याजवळ सिद्धान्त बांधण्याइतकी बुद्धी होती, तरी त्यांनी एकाच वाक्यात तीन तीन चित्रे ठेवली, कारण त्यांच्या मंडळ्यांत गुलाम होते, ऋणको होते, आजारी होते, बाटलेले मानले गेलेले होते, आणि त्या प्रत्येकाला आपल्या भाषेत तारण ऐकण्याचा हक्क होता. तो हक्क आजच्या माणसालाही आहे. ज्या चर्चमध्ये वर्षभर एकच रूपक ऐकू येते, तिथे बाकीच्या दुःखांची माणसे दाराबाहेर राहतात. त्यांना आत घ्यायचे असेल तर बायबलमध्ये आधीपासूनच असलेली बाकीची रूपकेही त्याच उंचीने बोलू लागली पाहिजेत.